निवतीच्या समुद्रातलं पक्ष्यांचं बेट : कुठे आहे, कधी जावं आणि वर का उतरू नये

वेंगुर्ला तालुक्यातल्या निवतीच्या किनाऱ्यावर उभं राहून नैऋत्येकडे पाहिलं, तर हवा स्वच्छ असताना समुद्रात काळे खडक दिसतात. रात्री तिथे दीपगृहाचा दिवा फिरतो. आपल्या भागातल्या बहुतेकांनी हा दिवा लहानपणापासून पाहिलेला असतो, पण तिथे नेमकं काय आहे हे मच्छीमार सोडले तर फार थोड्यांना माहीत असतं. या खडकांना वेंगुर्ला रॉक्स किंवा निवती रॉक्स म्हणतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर समुद्री पक्षी अंडी घालतात अशा मोजक्या जागांपैकी ही एक आहे.

गेल्या काही वर्षांत डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या वाढल्या, तसे या खडकांकडे जाणारे लोकही वाढले. आता २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवती रॉकजवळ पाण्याखाली ठेवून संग्रहालय करायची पर्यटन महामंडळाची योजना आहे. म्हणजे पुढे गर्दी आणखी वाढणार. जायचं असेल तर काय माहिती असावी आणि काय टाळावं, ते एकाच ठिकाणी मिळावं म्हणून हा लेख.

कुठे आहे?

हे एकच बेट नाही. लहानमोठ्या खडकांचा हा समूह आहे. वेंगुर्ला बंदरापासून तो सुमारे नऊ सागरी मैल, म्हणजे साधारण १७ किलोमीटर लांब आहे. निवतीहून अंतर त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून लोक निवतीहूनच जातात. एका खडकावर दीपगृह आहे. पक्ष्यांसाठी महत्त्वाचं जे बेट आहे त्याला इंग्रजांनी बर्न्ट आयलंड म्हणजे ‘जळकं बेट’ असं नाव दिलं. कागदोपत्री त्याचं ‘बंदारा’ असंही नाव येतं.

वर झाडं नाहीत. काळा कातळ, कपारी, थोडं गवत आणि पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरे झालेले कडे. आपल्याला ही जागा ओसाड वाटेल. पण पक्ष्याला नेमकं हेच हवं असतं. तिथे मांजर नाही, कुत्रा नाही, मुंगूस नाही आणि माणूसही नाही. जमिनीवर उघडं अंडं ठेवायचं तर अशीच जागा लागते.

पक्षी अभ्यासकांना ही जागा फार आधीपासून माहीत आहे. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे मोठे पक्षीतज्ज्ञही होते. १८७५ च्या पश्चिम किनाऱ्याच्या सफरीत ते या खडकांवर येऊन गेले. नंतर हुमायून अब्दुलअली यांनी इथल्या सुरय आणि पाकोळ्यांवर १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. देशातल्या महत्त्वाच्या पक्षी क्षेत्रांच्या यादीतही या बेटाचं नाव आहे. मात्र यादीत नाव असणं म्हणजे अभयारण्य असणं नव्हे. ही यादी अभ्यासकांची असते. तिच्यामुळे बेटावर राखणदार येत नाही की फलक लागत नाही. म्हणून तिथे कसं वागायचं हे बरंचसं जाणाऱ्यावरच आहे.

कोणते पक्षी आहेत?

सुरय : हा या बेटाचा मुख्य मानकरी. लांबट टोकदार पंख, दुभंगलेली शेपटी, डोक्यावर काळी टोपी. पाण्यावर घिरट्या घालतो आणि मासा दिसला की वरून सूर मारतो. आपल्या नदीवर दिसतो तो नदी सुरय वेगळा. इथले सुरय खऱ्या अर्थाने समुद्रावरचे. त्यात पाठ काळपट, पोट पांढरं आणि कपाळावर पांढरा पट्टा असलेली एक जात आहे. ती कपारीच्या आडोशाला, दगडाखाली अंडं घालते. दुसरी मोठी तुरेवाली जात उघड्या जागेवर एकमेकांना अगदी खेटून बसते.

पाकोळी : चिमणीपेक्षा लहान, काळपट तपकिरी रंगाची, कोयत्यासारख्या पंखांची. ही कड्याच्या कपारीत आणि अंधाऱ्या गुहेत राहते. तोंडाने टिकटिक आवाज करते आणि त्याच्या प्रतिध्वनीवर अंधारात वाट काढते. तिचं घरटं काटक्यांचं नसतं. ती आपल्या लाळेने ते खडकाला चिकटवते. लाळ वाळली की वाटीच्या अर्ध्या तुकड्यासारखा आकार तयार होतो. या घरट्याची गोष्ट पुढे येईल.

कुरव : पांढरे, अंगाने भरलेले, किनाऱ्यावर माशांच्या लिलावाच्या वेळी गर्दी करणारे. हे हिवाळी पाहुणे. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख आणि तिबेटच्या तलावांवर अंडी घालतो आणि थंडीत आपल्याकडे येतो. बरेच पर्यटक कुरवाचा फोटो काढून सुरय म्हणून टाकतात. लक्षात ठेवायला सोपं आहे : कुरव पाण्यावर निवांत बसतो, सुरय हवेतून सूर मारतो.

याशिवाय पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, ब्राह्मणी घार, समुद्री बगळा आणि कड्यांत राहणारे पारवे दिसतात.

पक्ष्यांचा हंगाम आणि आपला हंगाम

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आपण जातो ते ऑक्टोबर ते मे. सुरयांची वीण मात्र मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात असते. पाकोळ्या त्याआधी, उन्हाळ्यात घरटी करतात.

म्हणजे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांखाली ठेवलेल्या, जाळी विणायला घेतलेली, नारळी पौर्णिमेची वाट बघणं चालू. नेमक्या त्याच दिवसांत त्या खडकावर अंडी आणि पिल्लं असतात. जलपर्यटनाच्या होड्याही दरवर्षी साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. हे नियम माणसाच्या जिवासाठी आणि माशांच्या पैदाशीसाठी केलेले आहेत. पण त्याचा आसरा या पाखरांनाही मिळतो. खवळलेला समुद्र हेच त्यांचं कुंपण. सुरय वर्षभर समुद्रावर फिरतात आणि बाळंतपणाला या खडकावर येतात. तो खडक त्यांचं माहेर आहे.

अडचण होते ती एप्रिल आणि मेमध्ये. शाळांना सुट्टी, चाकरमानी गावी आलेले, समुद्र अजून खुला. त्याच वेळी पाकोळ्यांची घरटी भरलेली असतात आणि सुरय जमायला लागलेले असतात. बेटावर उतरण्याचा मोह याच दिवसांत जास्त होतो.

वर का उतरू नये : माझा स्वतःचा अनुभव

हे मी शहाणपणा शिकवायला सांगत नाही. मी स्वतः ही चूक केली आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याचे शेवटचे दिवस. आंबा संपत आलेला, भाताच्या पेरणीला अजून आठवडाभर अवकाश होता. आम्ही पाच-सहा पोरं ओळखीच्या होडीतून खडकांकडे गेलो. तांडेल वयाने मोठा होता. तो म्हणाला, “बेटार उतरूक नको, लांबसून बघा.” आम्ही ऐकलं नाही. होडी लाटेवर वर आली की एकेकाने खडकावर उडी मारली.

पाय टेकला आणि सगळं आभाळ उठलं. शेकडो पाखरं डोक्यावर ओरडत फिरायला लागली. आम्हाला गंमत वाटली. तेव्हा मोबाइलचे कॅमेरे नव्हते, एकाकडे साधा कॅमेरा होता, त्याने रोल संपवला. चार पावलं टाकली तेव्हा पायाखाली काहीतरी फुटलं. चप्पल उचलून पाहिलं तर अंडं. दगडाच्या रंगाचं, वर तपकिरी ठिपके. मग खाली वाकून नीट बघितलं तेव्हा आणखी दिसली. कातळावर, खळगीत, एकेकटी. आम्ही त्यांच्या मधूनच चालत आलो होतो.

आम्ही अर्धा तास तरी वर होतो. तेवढ्या वेळात एक घार दोनदा खाली आली आणि काहीतरी उचलून गेली. कातळ इतका तापला होता की हात टेकवत नव्हता. परतताना तांडेल एक शब्द बोलला नाही. भाडंही त्याने मोजून घेतलं नाही, तसंच खिशात टाकलं.

पुढे वाचन झालं तेव्हा कळलं की नेमकं काय बिघडलं होतं.

आपल्या घरी कोंबडी रवणावर बसते ती अंड्याला ऊब द्यायला, असं आपण म्हणतो. उघड्या कातळावरचा सुरय बसतो तो बरेचदा उलट कामासाठी, अंड्यावर सावली धरायला. मे महिन्यातल्या दुपारी पक्षी उठला की अंडं कातळावर भाजायला लागतं. आतलं पिल्लू मरतं, पण वरून अंडं तसंच दिसतं. पक्षी परत येऊन त्याच मेलेल्या अंड्यावर बसून राहतो. आपल्याला वाटतं, काही झालं नाही, पाखरं परत बसली की.

दुसरं, कोंबडी दहा-बारा अंड्यांवर बसते. हे सुरय बहुतेकदा एकच अंडं घालतात. ते उबवायला जवळपास महिना लागतो. ते गेलं तर त्या जोडप्याचा हंगाम गेल्यातच जमा.

तिसरं, पाखरं उठली की घारीला आयतं खायला मिळतं. आपण एकाही अंड्याला हात न लावता खाली उतरलो, तरी आपण असताना घार कितीतरी अंडी नेऊ शकते.

पाकोळीच्या घरट्याची चोरी

पाकोळीचं लाळेचं घरटं चीन आणि आग्नेय आशियात सूप करायला वापरतात. त्याला मोठी किंमत येते. आपल्याकडच्या पाकोळीच्या घरट्यात पिसं वगैरे मिसळलेली असतात, त्यामुळे ते पांढऱ्या घरट्याइतकं मौल्यवान नाही. तरीही या खडकांवरून घरटी खरवडून नेण्याचे प्रकार झाले. घरटं काढताना आतली अंडी आणि पिल्लं फेकून दिली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने या तस्करीविरुद्ध काम केलं. त्यामुळे हा विषय लोकांपुढे आला.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे वन्य पक्ष्यांची घरटी, अंडी घेणं किंवा त्यांना इजा करणं गुन्हा आहे. कोणी ‘घरटी आणून द्या, पैसे देतो’ असं सांगत गावात आला, तर ती साधी मजुरी नाही हे ध्यानात ठेवा. माल पुढे जातो, पकडला जातो तो कड्यावर चढणारा आपला माणूस.

शेतकऱ्याचा आणि मच्छीमाराचा काय संबंध?

काही जण विचारतील, पाखरं गेली तर आमचं काय बिघडलं?

मच्छीमाराला हे सांगायला नको. जुने लोक म्हणतात, “जंय पाखरां पडतत थंय मासो असता.” मोठा मासा खालून तारली, पेडव्यांचा थवा वर ढकलतो आणि वरून सुरय तुटून पडतात. लांबून पाखरं दिसली की होडी तिकडे वळते. आज यंत्रं आली, तरी लहान होडीवाला अजून पाखरांकडेच बघतो.

शेतकऱ्यासाठी पाकोळी आहे. ती दिवसभर हवेत उडणारे किडेच खाते. बसून दाणे टिपणं तिला जमतच नाही.

दुसरीकडे कसं चालतं?

लक्षद्वीपमध्ये पिट्टी नावाचं बेट आहे. आकार फक्त १.२ हेक्टर, म्हणजे तीन एकर. आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी काजूबागेएवढं. झाड नाही, पाणी नाही, नुसती वाळू आणि प्रवाळाचा थर. तिथे सुरय अंडी घालतात आणि त्या तीन एकरांना सरकारने पक्षी अभयारण्य केलं आहे. बेट लहान आहे म्हणून किंमत कमी, असं तिथे कोणी धरलं नाही.

ब्रिटनमध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर स्कोमर नावाचं बेट आहे. तिथे पर्यटकांना उतरू देतात, पण दिवसाला जास्तीत जास्त २५० माणसं. पक्षी जमिनीत बिळं करून राहतात, त्यामुळे आखलेल्या पायवाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर बीळ पिल्लासकट खचतं. जातानाच उंदीर सोबत येत नाहीत ना याची काळजी घेतात, कारण अशा बेटावर एक गाभण उंदरीण पोचली तरी अंड्यांचा फडशा पडतो. तरीही लोक तिथे जातात. होडीवाल्यांचा धंदा चालतो तो पक्षी टिकले म्हणून.

आपल्याकडे पायवाट नाही, मोजणारा माणूस नाही. त्यामुळे आपल्यासाठी सोपा आणि सुरक्षित नियम एकच : होडीतून बघायचं, उतरायचं नाही.

कसं जायचं?

रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडी. तिथून परुळेमार्गे निवती. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळही जवळच आहे. निवतीच्या किनाऱ्यावर होड्या मिळतात.

महिने : नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले. समुद्र शांत, हवा स्वच्छ, कुरव आलेले आणि डॉल्फिन दिसण्याची शक्यता.

वेळ : सकाळी लवकर निघा. मतलई वारा असेपर्यंत पाणी सपाट असतं. दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटला की परतीला लाटा अंगावर येतात.

होडी : प्रवासी वाहतुकीचा परवाना आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, ते आधी विचारा. भाडं, वेळ आणि ‘बेटावर उतरणार नाही’ हे तिन्ही निघण्याआधी ठरवा. तिसरी गोष्ट आपणच आधी सांगितली की होडीवाल्यालाही बरं वाटतं. अनेकदा तो गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून गप्प असतो.

दीपगृह : ते केंद्र सरकारच्या दीपगृह खात्याचं आहे. परवानगीशिवाय तिथे उतरू नये.

सोबत : पाणी, टोपी, औषध आणि असेल तर दुर्बीण. साधी दुर्बीण मोबाइलच्या झूमपेक्षा कितीतरी जास्त दाखवते.

अडचण आली तर : समुद्रात तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

तिथे गेल्यावर

१. खडकापासून लांब राहून होडीने वळसा घाला. पाखरं उठून ओरडायला लागली म्हणजे आपण जास्त जवळ आलो. लगेच मागे घ्या.

२. भोंगा, शिट्टी, मोठी गाणी नको. पाखरं उडताना फोटो चांगला येतो म्हणून मुद्दाम उठवू नका. दगड तर नकोच नको.

३. गुहेच्या तोंडाशी होडी नेऊ नका. लाटेने होडी आपटण्याचा धोका वेगळाच.

४. ड्रोन उडवू नका. पाखरं त्याला घार समजून उठतात.

५. वेफर्सच्या पिशव्या, बाटल्या, तुटलेल्या जाळ्याचे तुकडे पाण्यात टाकू नका. तंगूसमध्ये पाय अडकलेला पक्षी सुटत नाही.

६. अंडी, पिल्लं दिसली तर त्या जागेचं लोकेशन फेसबुक-व्हॉट्सॲपवर टाकू नका. कौतुक करणाऱ्यांबरोबर ते चोरालाही कळतं.

पावसाळ्यात शेतात पाखरू पडलं तर

हे वेंगुर्ला, मालवणपुरतं नाही, सगळ्या तालुक्यांसाठी आहे. पावसाळी वादळात समुद्रावरचे सुरय वाऱ्याने आत ढकलले जातात. पार पुण्यापर्यंत असे पक्षी सापडलेले आहेत. ते थकलेले असतात, उडू शकत नाहीत आणि लोकांना वाटतं काहीतरी विचित्र पाखरू आलं.

असा पक्षी दिसला तर कुत्र्या-मांजरांपासून वाचवा. जुना कपडा टाकून अलगद उचला. चोच टोकदार असते, तोंडाजवळ नेऊ नका. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा. चोच उघडून पाणी घालू नका, भात भरवू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. मेलेला पक्षी असेल तर उघड्या हाताने उचलू नका आणि कोंबड्यांच्या खुराड्याजवळ आणू नका.

शेवटी

त्या दिवसानंतर मी तीन वेळा खडकांकडे गेलो, पण वर पाय ठेवला नाही. मागच्या हंगामात पोराला घेऊन गेलो. त्याने विचारलं, उतरूया का? मी त्याला फुटलेल्या अंड्याची गोष्ट सांगितली. तो होडीतूनच दुर्बिणीने बघत बसला आणि एक सुरय चोचीत मासा घेऊन गेलेला त्याने माझ्याआधी पाहिला.

गुलदारचं काम झालं, पर्यटक वाढले, तर आपल्याच पोरांना रोजगार मिळेल आणि ते चांगलंच आहे. पण होडी चालवणारा आपला, गाइड आपला, जेवण देणारा आपला, तर तिथला नियमही आपणच ठरवायला हवा. निवती, वेंगुर्ला, भोगवे, देवबागच्या होडीवाल्यांनी एकत्र बसून ‘पक्ष्यांच्या खडकावर कोणालाही उतरवणार नाही’ एवढं एक ठरवलं, तरी बरंच काम होईल. त्याला निधी लागत नाही आणि मुंबईहून आदेश येण्याची गरजही नाही.